विशाळगडाचे शिवसुमन

शिवसुमन ही कंदीलपुष्प गटातली वनस्पती कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यात, विशाळगडावर सापडली. २०२३ मध्ये ‘फायटोटॅक्सा’ या संशोधनपत्रिकेत ती नवी जात म्हणून प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची नोंद या एका गडापुरतीच होती. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजमधील संशोधक आणि ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव यांचा या शोधात सहभाग होता. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये हाच गड गाठला होता; त्यामुळे तिचे शास्त्रीय नाव ‘सेरोपेजिया शिवरायीना’ ठेवले गेले, यात नवल नाही.

कंदीलपुष्पे रुईच्या कुळातली. भारतात त्यांच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त देशाबाहेर कुठेच आढळत नाहीत. बहुतेकांचा कंद जमिनीत असतो. पावसाळ्यात त्याला कोंब फुटतो, फूल येते, शेंगा धरतात आणि पुढे वरचा भाग वाळून जातो. उन्हाळ्यात तिथे झाड होते हे ओळखूही येत नाही.

फुलाची रचना मात्र मोठी चतुर. तळाशी फुगीर, वर अरुंद अशी नळी आणि तोंडावर टोकांशी जुळलेल्या पाच पाकळ्या. वासाने ओढलेली बारीक माशी आत शिरते. नळीतले केस खाली वळलेले असल्याने तिला परत फिरता येत नाही. आत धडपडताना परागांचे पुंजके तिला चिकटतात. कालांतराने केस कोमेजतात, माशी सुटते आणि बहुधा दुसऱ्या फुलात पुन्हा फसते!

बिया रुईच्या म्हातारीसारख्या वाऱ्यावर उडतात. तरीही अशा जाती एखाद्या माथ्यावरच राहतात. कारण त्यांना लागणारी उघडी, उथळ मातीची, गवताळ जागा खाली दरीतल्या दाट रानात मिळत नाही. गडमाथे म्हणजे या वनस्पतींची बेटेच.

अशा एकाच जागी उरलेल्या जातीला संपवायला वणवा, चराई, दरड यांतले काहीही पुरेसे ठरते. कित्येक कंदीलपुष्पांचे कंद खाण्याजोगे असल्याने माणसे आणि रानडुकरे ते उकरतात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात दुर्मीळ कंदीलपुष्पे जोपासली जातात. बियांपासून आणि ऊतिसंवर्धनातून रोपे तयार करता येतात. ती पुन्हा कड्यावर लावून राखणे त्याहून कठीण, कारण तिथे कुंपण नसते आणि परागीभवनासाठी माश्याही नेमक्या हव्यात.