सेलशिवायचा नेम

रायफलवर नेम धरण्यासाठी लावायची, सेलवर चालणारी, लाल ठिपका दाखवणारी साईट मोबाईलवरच्या व्हिडिओंत फार देखणी दिसते. एअर रायफल शिकू लागलेलं पोर तिच्यासाठी हट्ट धरतं. बीड, गेवराई किंवा आष्टीतल्या पालकांनी खिशात हात घालण्याआधी एवढं जाणून घ्यावं, की ऑलिम्पिकच्या वाटेवरच्या रायफल स्पर्धांत ही साईट चालतच नाही.

नियम काय सांगतो

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफलवर भिंगाची किंवा दुर्बिणीची साईट लावता येत नाही. पिस्तुलालाही लेसर किंवा इलेक्ट्रॉनिक ठिपका चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं, ते अशाच बिनभिंगाच्या साईटवर.

ओपन साईट आणि पीप साईट

शालेय स्पर्धांत एअर रायफलचे हे दोन प्रकार असतात. ओपन साईटमध्ये मागे खाच आणि पुढे माशी. माशीचा माथा खाचेच्या कडांच्या पातळीत हवा आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसायला हवा. सुरुवातीला हीच घ्यावी. ती बहुतेक रायफलींवर आधीच बसवलेली असते.

पीप साईटमध्ये मागच्या चकतीला साधारण मिलिमीटरभराचं भोक असतं आणि पुढे कडं. भोक बारीक असल्याने जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी ठळक दिसतं, शिवाय डोळा आपसूक मध्यावर येतो. कड्याच्या आत टार्गेटचा काळा गोल बसवायचा आणि भोवतीची पांढरी किनार सगळीकडून सारखी ठेवायची. यात विजेचा, सेलचा काही संबंध नाही.

चूक कुठे होते

नवशिका टार्गेटकडे टक लावतो, तिथेच नेम बिघडतो. नजर माशीवर हवी. टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं. हिशेब करून पाहा. मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये ५० सेंटीमीटर अंतर असेल आणि माशी ०.१ मिलिमीटरने सरकली, तर १० मीटरवर छर्रा २ मिलिमीटर बाजूला जातो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि एका रिंगपासून पुढची रिंग अडीच मिलिमीटरवर. म्हणजे केसाएवढ्या चुकीत जवळजवळ एक गुण गेला. महागडी साईट काही हात स्थिर करून देत नाही.

दुसरा डोळा गच्च मिटू नये, चेहरा ताणला जातो. चष्म्याच्या त्या बाजूला अर्धपारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावली की काम होतं.

घरचा सराव

स्पर्धेच्या टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. घरात ५ मीटरच जागा असेल तर पांढऱ्या कागदावर साधारण १५ मिलिमीटरचा काळा गोल काढून भिंतीला चिकटवा. डोळ्याला तो १० मीटरवरच्या गोलाएवढाच दिसतो. मग रिकामी रायफल उचलायची, श्वास सोडत नेम धरायचा, थोडा वेळ टिकवायचा आणि खाली घ्यायची. रोज थोडा वेळ हे केलं तर खांदा आणि डोळा दोन्ही तयार होतात. मला विचाराल तर सगळ्या साधनांत हेच सर्वांत मोलाचं.

दोन गोष्टी कडक पाळा. छर्ऱ्यांची डबी त्या खोलीत नसावी आणि मोठं माणूस जवळ असावं. स्प्रिंगची रायफल रिकामी झाडू नये, आतलं सील खराब होतं. नुसता नेम धरावा. छर्रे शिशाचे असतात, रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना जेवणाच्या डब्याला हात लावू देऊ नका.

पैसे कुठे घालावेत

चांगले छर्रे, कागदी टार्गेट, डोळ्यांची तपासणी आणि जाणता प्रशिक्षक, याच क्रमाने. खरेदीला निघण्याआधी बीडच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, यंदा तुमच्या मुलाच्या वयोगटात ओपन साईट आहे की पीप साईट ते विचारा आणि मगच रायफल बघा.