धांडा, चाकोल्या आणि चारचा आकडा

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आमच्या अकोटच्या घरात मुलांसाठी हातानं जे जे झालं, त्याचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात धांड्यापासून करावी लागते. ज्वारीचा वाळका धांडा. मुलगी २००९ची. तिला कळायला लागलं तेव्हा आमच्या शेतात ज्वारी होती, गोठ्यात कडबा होता आणि दुपारी ओसरीवर बसणारे मामंजी होते. खेळणं आणायला बाजारात जायची त्यांना कधी गरज वाटली नाही. कडब्याच्या पेंढीतून ते एक जाडसर धांडा ओढत, पेरांवर मोडत आणि विळ्याच्या टोकानं साल सोलायला घेत.

ती सोलणी बघण्यासारखी असायची. साल निघते ती सलग, चिवट पट्टीची. तिच्या कडेला धार असते, बेसावध बोट लगेच कापतं. आत पांढरा, हलका गाभा. गाभ्यात सालीची काडी टोचली की ती घट्ट बसते, ना खिळा लागत ना डिंक. गाभ्याचे दोन तुकडे म्हणजे दोन बैल, चार-चार काड्यांचे पाय, दोन बारीक काड्यांची शिंगं. साल गोल वाकवून दोन्ही टोकं गाभ्यात खुपसली की चाक, त्यात आडव्या-उभ्या काड्या म्हणजे आरे. मग जू, जुवाला शिवळा, मागं साठा. अर्ध्या तासात बंडी तयार. संध्याकाळपर्यंत ती मोडायचीच. मुलगी तुकडे घेऊन यायची आणि मामंजी म्हणायचे, "तुटलं तं तुटलं. आन धांडा."

चौथ्या-पाचव्या बंडीनंतर तिनं त्यांना हाक मारणं सोडलं. मोडलेलं चाक घेऊन ती स्वतःच गोठ्यात जायला लागली. हातानं केलेल्या खेळण्याचं खरं मोल मला तेव्हा कळलं. आईबापानं कौतुकानं केलंय, स्वस्तात झालंय, हे सगळं ठीकच आहे. पण लेकराच्या डोळ्यांदेखत जे झालेलं असतं, ते त्याला पुन्हा करता येतं. विकतच्या मोटारीचं चाक निखळलं की खेळ संपतो आणि रडं सुरू होतं. बंडीचं चाक निखळलं की पुढचा खेळ तिथूनच सुरू होतो.

वऱ्हाडात वर्षभराचे सण याच कामाचे असतात. फाल्गुनात होळीच्या आधी चाकोल्या. ताजं शेण आणायचं, त्यात थोडं कुटार कालवायचं आणि तळहाताएवढ्या वड्या थापायच्या. मधोमध बोटानं भोक पाडायचं, ते विसरलं की माळ होत नाही. कुणी चंद्र करतो, कुणी सूर्य, कुणी विळा. उन्हात चार-पाच दिवस वाळल्या की सुतळीत ओवायच्या आणि होळीच्या दिवशी माळ होळीत टाकायची. माझ्या मुलाला त्यातलं सगळ्यात काय आवडायचं, तर भोक पाडणं. आपण आठ दिवस राबून केलेली वस्तू आपल्याच हातानं आगीत द्यायची, ही गोष्ट लहान वयात सोपी नाही. पहिल्या वर्षी त्यानं एक चाकोली खिशात लपवून ठेवली होती. पुढच्या वर्षी माळ टाकायला तोच सगळ्यांच्या पुढे उभा होता.

श्रावण सरला की पोळा. विदर्भात दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या भोसल्यांच्या काळी, १८०६च्या सुमारास तो सुरू झाला असं सांगतात. लाकडी बैलांच्या किमती आता हजारांत गेल्या आहेत आणि बैलाच्या उंचीवरून बापाची ऐपत मोजली जाते. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे काळ्या मातीचे बैल होतात. काळी माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात सरकीवरचा कापूस पिंजून मळायचा. ही युक्ती सासूबाईंची, आणि कापसाच्या मुलखाला शोभणारी.

भुलाबाईचा महिना मुलीचा. भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई-भुलोजी बसवायचे, रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणायची, झाकलेल्या डब्यातला खाऊ डबा वाजवून ओळखायचा. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा करायचा. इथंही पुन्हा ज्वारीच.

मुलगी शाळेत रमल्यावर हातातलं सामान बदललं. अरविंद गुप्तांच्या पुस्तकातून आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घरात आली. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस पुण्याच्या टेल्कोत नोकरीला होता. १९७८मध्ये तो होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि खेड्याच्या बाजारात मिळणाऱ्या किरकोळ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याच्या मागं लागला. पुढं पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं; २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटभर तुकडा कापायचा आणि दोन्हीकडून आगकाड्या खुपसायच्या, की झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन केला तर तो हातात लगेच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही.

"आई, चौकोन तं हालते वं!" मुलगी म्हणाली. मी तिला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला एका जुन्या जिनिंगमध्ये नेलं आणि पत्र्याच्या छपराखाली मान वर करून उभं केलं. छताच्या कैच्या बघ म्हटलं. एवढा लांब पत्रा कशावर उभा आहे, ते तिनं स्वतः मोजून सांगितलं. सगळे त्रिकोण. कापसाच्या गावात राहून इतकी वर्षं त्या कैच्या माझ्याही डोक्यावर होत्या. शेवटी काड्यापेटीनं त्या दाखवल्या.

२०१७च्या सुरुवातीला अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी बंद झाली, रुंद रुळांसाठी. मुलांना त्या गाडीचा फार लळा. ती डोळ्यांआड झाल्यावर आम्ही घरात केली: अगरबत्तीच्या पुड्यांचे डबे, औषधाच्या बाटल्यांच्या बुचांची चाकं, झाडूच्या काड्यांचे रूळ. पण गंमत घाटात होती. सातपुड्यात धुळघाटजवळ हा मीटरगेज रेल्वेमार्ग चढ चढण्यासाठी स्वतःलाच वळसा घालायचा आणि आपल्याच रुळांवरून पलीकडे जायचा, मराठी चारच्या आकड्यासारखा. असं का करावं लागलं असेल? मुलीनं आधी पुठ्ठ्याचा सरळ चढ केला. गाडी घसरून खाली आली. मग चिखलाचा डोंगर केला आणि त्याभोवती रूळ फिरवले. वाट लांबली तसा चढ सौम्य झाला आणि गाडी टिकली. गाडी वर कशी चढते, ते तिला कुठल्या धड्यातून शिकवावं लागलं नाही. अकोला-अकोट गाडी रुंद रुळांवरून पुन्हा सुरू झाली २३ नोव्हेंबर २०२२ला. तोवर आमचा चिखलाचा घाट दोन पावसाळ्यांत विरघळून गेला होता.

मधली दोन वर्षं कोरोनाची. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, आणि महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. मुलगा नेमका पहिलीच्या वयाचा. घरात मोबाइल एक, रेंज कधी असे, कधी नसे. त्याची मुळाक्षरं अंगणात झाली: चिंचोक्यांचा 'क', तुरीच्या दाण्यांचा 'ग', ओल्या मातीत तुराटीनं कोरलेला 'म'. बेरीज-वजाबाकी सरकीवर. ते दिवस वाईट होते, गल्लीतल्या दोन घरांत माणसं गेली. पण या लेकरानं अक्षर आधी हातात धरलं, मग कागदावर पाहिलं. आजही त्याचं अक्षर ठसठशीत आहे आणि त्याचं श्रेय मी त्या चिंचोक्यांना देते.

त्याच काळात ताराबाई मोडकांबद्दल पुन्हा वाचलं. लग्नानंतरचा त्यांचा काही काळ आपल्या अमरावतीत गेला. पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. मॉन्टेसरीबाईंची पद्धत त्यांना मोलाची वाटत होती; पण तिची साधनं महाग, शहरी शाळांना परवडतील अशी. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. शाळा मुलांच्या अंगणात गेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली. साधन जवळचं असावं, लेकराच्या ओळखीचं असावं, हे त्यांनी करून दाखवलं. हल्ली क्राफ्टचं किट म्हणून जे खोकं पाचशे-सातशेला मिळतं, त्यात सगळे तुकडे आधीच कापलेले असतात. लेकरानं फक्त चिकटवायचं. ताराबाईंनी ते खोकं अंगणाबाहेर ठेवलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

पण अंगणातलं सामान तरी उरलंय का? मुलीच्या वेळी जो धांडा हात लांबवला की मिळायचा, तो मुलाच्या वेळी शोधावा लागला. १९६४मध्ये पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१ आली, तेव्हाच ताटं बुटकी व्हायला लागली होती. नंतर सोयाबीन आलं: कमी दिवसांचं, हाती लवकर पैसा देणारं. पाखरं राखायला माणूस मिळेना. रानडुकरं आणि रोही रात्रीतून उभं पीक आडवं करू लागले. ट्रॅक्टर आला, बैल गेले, मग कडबा हवाय कुणाला? आमच्या शेतातूनही ज्वारी गेली, त्या हिशेबात आम्हीही आलो. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर झालं, ज्वारीच्या भाकरीचे फोटो निघाले. अकोटच्या शिवारात त्यानं फारसा फरक पडलेला मला दिसला नाही. सोयाबीनच्या कुटाराची बंडी होत नाही. पऱ्हाटी चुलीत जाते, तिच्यात गाभा नाही. एक पीक गेलं तेव्हा भाकरीबरोबर लेकरांची बंडी गेली, भुलाबाईचा मखरही गेला.

मुलगी आता पुढच्या शिक्षणाला बाहेर पडतेय. मुलगा अजून सायकलचे तुकडे जोडतो, जुन्या पंख्याची मोटर काढून पाणी उपसायचा खटाटोप करतो. कामाला लागला की तो एकदाही विचारत नाही की हे विकत मिळतं का. मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

शेती असलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. मृगाची पेरणी कराल तेव्हा धुऱ्यालगत ज्वारीची दोन तासं टाका, उंच ताटाची, गावरान. नफ्यातोट्याच्या गणितात ती दोन तासं दिसणारही नाहीत. कोजागिरीला मखराला धांडे मिळतील, दिवाळीनंतर वाळका धांडा लेकरांच्या हातात येईल, उरलेली कणसं पाखरांची. आम्ही धुऱ्याला ज्वारी पुन्हा धरली आहे. अकोटच्या आसपास ज्याला गावरान बी हवं असेल त्यानं हक्कानं मागून न्यावं, आणि पुढच्या साली तेवढंच बी दुसऱ्या कुणाला द्यावं.