जोर-बैठकांची बेरीज आणि लोखंडाचे माप

जिममध्ये नाव घालावे, की घरच्या घरी जोर-बैठका मारून भागवावे, हा प्रश्न हल्ली असा काही तावातावाने विचारला जातो, की जणू लोखंड आणि देह हे दोन पक्षकार एकाच मिळकतीवर दावा सांगत दिवाणी न्यायालयात उभे आहेत. वस्तुतः आपल्या तालमीत हे दोघे पिढ्यानपिढ्या एकाच छपराखाली नांदत आले. हौद्यातील तांबडी माती नुकतीच अंगाला लागलेल्या पोरसवदा मल्लाकडून वस्ताद प्रथम जोर आणि बैठकाच काढवून घेत, हे खरे. परंतु त्याच तालमीच्या भिंतीला टेकून मुद्गलांच्या जोड्याही उभ्या असत, आणि त्या उगाच शोभेसाठी ठेवलेल्या नसत.

स्नायूला भार जाणवतो. तो कोणत्या द्रव्याचा आहे, याची चौकशी तो करीत नाही. तळवे व चवडे जमिनीवर टेकवून, देह फळीसारखा ताठ ठेवून जी उठाबशी हातांवर केली जाते, तिच्यात देहभाराचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा हातांवर पडतो. म्हणजे ७० किलो वजनाचा गृहस्थ, एक पैसाही खर्च न करता, ४५ किलोंहून अधिक भार ढकलीत असतो. गुडघे टेकले, की हा भार उतरतो. भिंतीशी उभे राहून केले, तर तो अगदीच किरकोळ होतो. आणि पाय पायरीवर चढविले, की पुन्हा वाढतो. आपला देशी जोर तर याहून चतुर आहे, कारण त्यात छाती कमानीसारखी खाली सरकून वर निघते आणि दंडांबरोबर खांदे व पाठीचा कणाही राबणीस लागतो.

नवशिक्याची शक्ती पहिल्या काही आठवड्यांत जी झपाट्याने वाढते, ती बहुतांशी स्नायू फुगल्यामुळे नव्हे, तर मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंना अधिक संख्येने आणि अधिक शिस्तीने कामावर हजर करू लागल्यामुळे. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र स्वभावतःच मंद. त्यांची बळकटी स्नायूंच्या मागून रेंगाळत येते. उत्साहाच्या भरात तिसऱ्याच आठवड्यात बारवर प्लेटी चढविणाऱ्या तरुणाचा खांदा किंवा कोपर कुरकुरू लागतो, तो बहुधा या तफावतीमुळे. म्हणून पायाभरणी देहभारावर करावी, या जुन्या दस्तुराच्या बाजूने माझा कौल आहे.

पण कौल दिला म्हणजे उणिवा झाकल्या पाहिजेत, असे नाही. पाय हे मुळातच आयुष्यभर देह वाहणारे हमाल. त्यांना नुसत्या बैठकांचा भार लवकरच पुरेनासा होतो, आणि मग दोनशेच्या चारशे केल्या, तरी वाढतो तो दम, जोर फारसा नाही. गामा पहिलवान रोज हजारोंनी बैठका मारी, असे सांगतात. परंतु पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात त्याच्या बैठकांचे म्हणून जे ९५ किलोंचे चकतीसारखे कडे जपून ठेवले आहे, ते केवळ आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी एकदा मनात आणून पाहावे. दुसरी उणीव ओढण्याची. जोरात आपण जमीन ढकलतो, ओढीत काहीच नाही. तालमीत ती कसर दोर आणि मल्लखांब भरून काढीत, घरात मात्र ती तशीच राहते, आणि छाती भरते तसे खांदे पुढे झुकू लागतात. दाराच्या चौकटीतला एक भक्कम दांडा एवढ्यापुरता पुरे. तिसरी कमरेची : जमिनीवरचे धान्याचे पोते कंबरेतून वाकून उचलण्याच्या क्रियेला देहभाराच्या व्यायामात खरा पर्याय नाही, तेथे लोखंडाला, निदान पोत्याला, शरण जावेच लागते.

लोखंडाचा खरा गुण जडपणात नसून मोजदादीत आहे. अमेरिकन सैन्यातील वैद्य थॉमस डिलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे वाळलेले पाय सावरताना, दहा वेळाच उचलता येईल एवढा भार ठरवून तो क्रमाक्रमाने वाढविण्याची पद्धत घालून दिली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सव्वा किलोची प्लेट चढवून पायरी जितकी बारीक करता येते, तितकी पाय पायरीवर ठेवून करता येत नाही.

याच गोष्टीमुळे प्रचलित समजूत कित्येकदा उलटी ठरते. स्थूल किंवा वयस्क माणसाच्या घरात सर्वांत जड वस्तू म्हणजे त्याचा स्वतःचा देह. आमच्या आक्का सत्तरीत गुडघ्याने बसल्या, तेव्हा त्यांना बैठका सांगणे ही थट्टाच झाली असती. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी त्यांच्या घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून, खुर्चीत बसूनच पाय सरळ करायला लावला, आणि वहीत तारीखवार नोंद ठेवण्याची ताकीद दिली. आक्कांनी ती जमाखर्चाच्या जुन्या वहीत, दूधवाल्याच्या हिशेबाखालीच, सुरू केली : अर्धा किलो, मग एक, मग दीड. चौथ्या महिन्याच्या पानावर किलोचा आकडा नाही. तेथे एवढेच लिहिले आहे, की आज हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठले.