पेलेटला डाय लावण्याआधी नळीला विचारा

काडतुसं रीलोड करताना वापरलेलं पितळी आवरण डायमधून दाबून मूळ मापावर आणतात. पनवेलच्या एअर रायफल नेमबाजांचा या खटाटोपाशी संबंध येत नाही. तिथल्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, तिथे 10 मीटर एअर रायफलचा सराव चालतो; त्यात काडतूस नसतंच, हवेच्या दाबाने शिशाची छोटी गोळी, म्हणजे पेलेट, सुटते. पॉइंट टू टू (.22) रायफलच्या काडतुसात ठिणगी देणारं स्फोटक कडेतच भरलेलं असतं, म्हणून तेही नेहमीच्या पद्धतीने पुन्हा भरता येत नाही. पण मापाचा प्रश्न एअर रायफललाही चुकत नाही. पेलेटच्या डबीवर 4.49, 4.50, 4.51 मिमी असे डोक्याचे व्यास छापलेले असतात. तुमच्या नळीला यातला कोणता मानवेल, हे डबी सांगत नाही.

काही जण म्हणतात, छोटी डाय घ्या आणि प्रत्येक पेलेट एकसारखं करा. मला हे पटत नाही. शिसं मऊ, दाबताना पेलेट जरा तिरकं बसलं की मागचा पातळ घेर वाकतो, आणि हवा अडवायचं काम तोच करतो. त्यापेक्षा रायफल शिकंज्यात पक्की धरून प्रत्येक मापाचे दहा-दहा शॉट मारा, सर्वांत घट्ट गट देणारी बॅच निवडा. नवशिक्यांना याची गरज नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे: आठ-नऊच्या वर्तुळात फिरणाऱ्याची चूक बहुधा ट्रिगरवर असते. पण दहाचं वर्तुळ जेमतेम 0.5 मिमीचं, आणि गुण 10.9 पर्यंत दशांशात मोजतात. त्या पातळीला पोचलात की डायऐवजी बॅच-चाचणीवर पैसे घाला.