सरांना कोणता कॅमेरा द्यावा?

जामनेरच्या एका शाळेत शिकवणारी माझी आत्तेबहीण दिवाळीत भेटली, ती एक पेच घेऊनच. त्यांच्या शाळेतले भूगोलाचे सर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी निवृत्त व्हायचे होते. सरांना फोटोंची हौस. एके काळी गळ्यात आग्फा क्लिक थ्री अडकवून ते मुलांच्या सहली काढत. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना कॅमेरा द्यायचे ठरवले होते. "दादा, तूच सांग कोणता घ्यायचा ते. मागच्यासारखं व्हायला नको," ती म्हणाली.

मागे असे झाले होते की, निवृत्त होणाऱ्या एका बाईंना शाळेने कॅमेरा दिला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, '२० मेगापिक्सेल, ३० पट झूम'. बाई तो घेऊन हौसेने अजिंठ्याला गेल्या. पहूर-फर्दापूरच्या रस्त्याने अजिंठा जामनेरहून जवळच. तिथल्या चित्रांना धोका नको म्हणून लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा बाईंनी काढलेला फोटो ठिपक्याठिपक्यांचा आणि पुसट आला. शेजारी उभ्या असलेल्या भाच्याने फोनवर काढलेला फोटो मात्र स्वच्छ होता. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत; कॅमेरा कपाटात गेला. वर्गणीपेक्षाही, प्रेमाने दिलेली वस्तू वापरावीशी वाटली नाही, हे सगळ्यांना लागले.

गंमत अशी की खोक्यावरचे दोन्ही आकडे खरे होते. मग चूक कुठे झाली? उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या फार पलीकडे नाही.

वाटी आणि परात

पावसाच्या पहिल्या सरीत अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, तर परातीत जास्त थेंब पडतात. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेला संवेदक म्हणजे असेच भांडे. त्यात पडतात ते प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन. हे कण पावसाच्या थेंबांसारखेच स्वैर पडतात. एखाद्या ठिकाणी सरासरी १०० कण पडायचे असतील तर प्रत्यक्षात कधी ९० पडतील, कधी ११०. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. १०० कणांमागे १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० कणांमागे १००, म्हणजे फक्त एक टक्का. कण कमी असले की भिंतीचा एकाच रंगाचा भागही कुठे उजळ, कुठे काळपट दिसतो. बाईंच्या फोटोतले ठिपके बहुतांशी हेच होते.

वर्गात हे करून पाहता येईल. एका जाड, ओलसर कापडावर ८ × ८ अशा ६४ चौकोनांची जाळी आखा. ज्वारीचे २५६ दाणे मोजून घ्या आणि वरून सगळीकडे सारखे पडतील असे टाका. कापड ओले असल्याने दाणे घरंगळत नाहीत. आता प्रत्येक चौकोनातले दाणे मुलांना मोजू द्या. सरासरी ४ येईल, पण बऱ्याच चौकोनांत २, ३, ५, ६ आणि काहींत शून्य किंवा ८ सुद्धा सापडतील. मग शेजारचे चार-चार चौकोन एकत्र धरून पुन्हा मोजा. सरासरी १६ होईल आणि चढउतार साधारण ४ चा, म्हणजे ५० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर येईल. दाणे तेवढेच आहेत. भांडे मोठे केले म्हणून चित्र शांत झाले.

इंच म्हणजे इंच नव्हे

तेव्हा पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नाही, संवेदक किती मोठा हा आहे. खोक्यावर तो आकडा बारीक अक्षरात असतो, आणि फसवाही असतो. '१/२.३ इंच' संवेदकाची खरी मापे साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर असतात. '१ इंच' संवेदक १३.२ × ८.८ मिलिमीटरचा. म्हणजे त्याचा कर्णही १६ मिलिमीटरच, इंचापेक्षा बराच कमी! ही पद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांपासून आली. तो इंच नळीच्या बाहेरच्या व्यासाचा. प्रतिमा आतल्या लहान भागावर पडे. नळ्या गेल्या, नाव राहिले.

आता क्षेत्रफळे काढू. पहिल्याचे सुमारे २८ चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचे ११६. मोठा संवेदक चौपट. भिंग सारखेच उजळ असेल आणि झडप सारखाच वेळ उघडी राहिली, तर तो चौपट फोटॉन गोळा करतो आणि ठिपके निम्म्याने कमी होतात. याहून मोठा एपीएस-सी संवेदक सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा, आणि ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ८६४ ची. सरांच्या क्लिक थ्रीमधली फिल्म तर जवळजवळ ६ × ६ सेंटिमीटरची होती. साध्या भिंगाच्या त्या डब्यातून आलेले जुने फोटो आजही बरे दिसतात, त्यामागे फिल्मच्या या आकाराचा मोठा वाटा आहे.

भिंगाचे तोंड

दुसरा प्रश्न भिंगाचा. कॅमेऱ्यावर एफ/१.८ किंवा एफ/३.५ असे लिहिलेले असते. भिंगाचे नाभीय अंतर भागिले त्याच्या छिद्राचा व्यास, असा हा आकडा. तो जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. एफ/१.८ चे भिंग एफ/३.५ च्या भिंगापेक्षा जवळजवळ पावणेचारपट प्रकाश आत घेते.

समजा, लेण्यात ५ लक्स इतकाच अंधुक उजेड आहे आणि संवेदनक्षमता आयएसओ १६०० ठेवली आहे. एफ/१.८ ला झडप सुमारे १/१० सेकंद उघडी ठेवावी लागेल, एफ/३.५ ला एक तृतीयांश सेकंदाहूनही थोडी जास्त. हातात धरलेला कॅमेरा एवढा वेळ स्थिर राहत नाही. कंप-रोधक यंत्रणा हाताची थरथर बरीचशी सावरते. पण समोरचे मूल हलले तर ती काही करू शकत नाही.

३० पट झूमची किंमत

३० पट झूम खिशात मावतो, तो संवेदक छोटा असतो म्हणूनच. ७२० मिलिमीटरइतका दूरचा पल्ला १/२.३ इंचाच्या संवेदकावर मिळवायला भिंगाचे खरे नाभीय अंतर सुमारे १२९ मिलिमीटर पुरते. १ इंचाच्या संवेदकाला त्याच्या दुप्पट लागते. शिवाय पूर्ण झूम केल्यावर अशा छोट्या कॅमेऱ्याचे भिंग एफ/६.४ च्या आसपास येते.

इथे प्रकाशाचे विवर्तन आडवे येते. कितीही चांगल्या भिंगातून बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, तिची छोटी चकती होते. चकतीचा व्यास म्हणजे २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ आकडा. हिरव्या प्रकाशासाठी (०.५५ मायक्रॉन) एफ/६.४ ला तो सुमारे ८.६ मायक्रॉन येतो. छोट्या संवेदकावर २० मेगापिक्सेल बसवले तर एका पिक्सेलची रुंदी होते १.२ मायक्रॉन. म्हणजे एका बिंदूची चकती सात पिक्सेल रुंद! पिक्सेल वाढवून नवा तपशील कुठून येणार? १ इंचाच्या संवेदकावर तेवढेच पिक्सेल २.४ मायक्रॉनचे होतात आणि एफ/२.८ ला चकती ३.८ मायक्रॉनची. ही जोडी जुळते.

आणि इतके मेगापिक्सेल हवेत कशाला? ६ × ४ इंचाच्या फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, २.२ मेगापिक्सेल लागतात. ए-फोर आकाराच्या छपाईला पावणेनऊ.

फोन असताना कॅमेरा का?

बहिणीने हा प्रश्न विचारलाच, आणि तो रास्त होता. फोनचा संवेदक लहान असला तरी तो एका क्षणात अनेक फोटो काढून त्यांची बेरीज करतो. नऊ चित्रे एकत्र केली की फोटॉन नऊपट आणि ठिपके एक तृतीयांश. आपला ज्वारीचाच नियम. भाच्याचा फोटो सरस का आला, ते आता कळेल. म्हणून १/२.३ इंचाचा स्वस्त कॅमेरा आज भेट देऊ नये. चांगला फोन त्याच्या पुढे गेला आहे. २०१० साली जगभरात भिंग जोडलेले छोटे डिजिटल कॅमेरे १० कोटींहून अधिक विकले गेले. २०२३ साली हा आकडा सतरा लाखांच्या आसपास उतरला, याचे मुख्य कारण हेच.

टिकले ते मोठ्या संवेदकाचे छोटे कॅमेरे. सोनीच्या आरएक्स१०० ने २०१२ मध्ये १ इंचाचा संवेदक आणि एफ/१.८ चे भिंग खिशात आणले. कॅननचा जी७ एक्स मार्क थ्री (२०१९) याच जातीचा. रिकोचा जीआर थ्री (२०१९) आणि फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय (२०२४) यांत एपीएस-सी संवेदक आहे, पण झूम नाही. खरा झूम, चेहऱ्यामागची पार्श्वभूमी धूसर करणारे खरे भिंग, हातात नीट बसणारी पकड आणि मध्येच न वाजणारी घंटा, एवढे फोनपेक्षा जास्त मिळते. ज्याला हे नको असेल त्याला कॅमेरा देऊ नये, हेही मी तिला सांगितले.

दुकानात जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

भेट घेणाऱ्याने आजवर कशाचे फोटो काढले, ते आधी आठवावे. सरांचे फोटो मुलांचे, शेतांचे, देवळांचे आणि पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचे. २०२० साली थांबलेल्या त्या गाडीचा त्यांनी संग्रहच केला आहे. पक्ष्यांचा एकही फोटो नाही. म्हणजे लांब झूमची गरज नाही. २४ ते ७० मिलिमीटरइतका पल्ला, एफ/१.८ ते २.८ चे भिंग आणि १ इंचाचा संवेदक त्यांना पुरेसा होता.

दुकानात आपले मेमरी कार्ड न्यावे. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, फ्लॅश न लावता, स्वयंचलित पद्धतीवर एखाद्या चेहऱ्याचे चार फोटो काढावेत आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहावेत. हौशी माणूस सहसा बटणांच्या वाटेला जात नाही. त्यामुळे स्वयंचलित पद्धतीत कॅमेरा काय करतो, तेच महत्त्वाचे. बटण दाबल्यावर फोटो लगेच निघतो का, उन्हात पडदा दिसतो का, पडद्यावरची अक्षरे चष्मा न लावता वाचता येतात का, तेही पाहावे. जुना कॅमेरा घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. आतली धूळ डागांच्या रूपात दिसते. पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी हवीच.

आपल्या खानदेशासाठी दोन गोष्टी आणखी. बाहेर येणाऱ्या भिंगाबरोबर धूळ आत जाऊ शकते, म्हणून शेतात पिशवी हवी. मे महिन्याच्या ४५ अंशांत बंद गाडीत कॅमेरा ठेवू नये; बॅटरी लवकर निकामी होते. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, त्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. वर्गणीतून जास्तीची एक बॅटरी, एक कार्ड आणि पहिल्या पन्नास फोटोंच्या छपाईचे पैसे बाजूला काढावेत. छापलेला फोटो हातात आला की कॅमेरा कपाटात जात नाही.

शेवटी अजिंठा

रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला हाताने रंगवत होता. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत जळाल्या. पुढे तो फोटोही काढू लागला. ते १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात आले. पण रंगीत फोटो तेव्हा नव्हता, त्यामुळे भिंतीवरचे रंग त्याला कुंचल्यानेच टिपावे लागले. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

सरांनी निवृत्तीनंतर पहिली सहल अजिंठ्याचीच काढली, आणि त्या बाईंनाही बरोबर नेले. फ्लॅश बंद, कोपर पोटाशी घट्ट, श्वास रोखून त्यांनी पद्मपाणीचा फोटो घेतला. हातातले कमळ आणि मुकुटाची नक्षी त्यात ओळखू येते. बाईंनी त्याची प्रत मागून घेतली. बाईंचा कॅमेरा आता शाळेत आहे. भरपूर उन्हात तो चांगले फोटो काढतो, आणि मुले त्याच्या झूममधून चंद्रावरची विवरे पाहतात.

ज्वारीचा प्रयोग आपल्या वर्गात जरूर करा. कोणत्या चौकोनात किती दाणे पडले, त्याचा तक्ता मुलांकडून करवून घ्या आणि आम्हाला पाठवा.