थंडीत केळीबाग कशी सांभाळावी?

केळी हे उष्ण व दमट हवेचे पीक आहे. महाराष्ट्रात त्याची सर्वात मोठी लागवड मात्र समुद्रापासून दूर, जळगाव जिल्ह्यात आहे. रावेर, यावल, मुक्ताईनगर व चोपडा या तालुक्यांतील तापीकाठच्या काळ्या, सुपीक जमिनीत हे पीक चांगले रुळले आहे. येथील केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु खानदेशचा उन्हाळा जसा कडक, तशीच थंडीही बोचरी असते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुटले की किमान तापमान १० अंशांच्या खाली येते. वर्षभर पाणी, खत व मजुरी घातलेले पीक अशा आठ-दहा रात्रींत मागे पडते. पाने पिवळी पडतात, घड अडकतात, फळाला चकाकी राहत नाही आणि व्यापारी भाव पाडून मागतो. खानदेशातील शेतकरी याला ‘चरका बसला’ असे म्हणतात.

थंडी आपल्या हाती नाही, पण नुकसान पुष्कळसे आपल्या हाती आहे. त्यासाठी थंडी झाडाच्या कोणत्या भागावर व कशी काम करते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

थंडी केव्हा बाधते?

केळीची वाढ साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. तापमान १६ अंशांच्या आसपास आले की नवीन पान येणे जवळजवळ थांबते. १२-१३ अंशांच्या खाली फळाच्या सालीला इजा होऊ लागते. तापमान शून्यावर आले व दहिवर गोठले, तर पाने होरपळल्यासारखी काळी पडतात. आपल्याकडे शून्याची पाळी क्वचित येते. आपले खरे नुकसान होते ते ६ ते १२ अंशांच्या लागोपाठच्या रात्रींमुळे.

बागेवर थंडीचा किती परिणाम झाला हे ओळखण्याची सोपी रीत पाने मोजणे ही आहे. बागेतील दहा झाडे निवडून सर्वात नव्या पानाच्या देठावर रंगाची खूण करावी व महिन्याने त्यावर किती पाने आली ते पाहावे. उबदार दिवसांत महिन्याला तीन ते चार पाने येतात. कडक थंडीत एक किंवा दोनच येतात. दोन महिन्यांत अशी चार पाने कमी आली, तर घड निदान महिनाभर लांबला असे समजावे. मग काढणी लांबते, पीलबागही लांबते आणि पुढचे सगळे वेळापत्रक घसरते.

केळीचे मर्म कंदात

ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो ते खरे खोड नव्हे. ती एकमेकांवर घट्ट बसलेली पानांची सोपटे आहेत. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. पाने व पुढे घड तयार करणारा वाढीचा कोंब निसवणीच्या तयारीपर्यंत कंदाच्या माथ्यावर, जमिनीलगतच असतो. झाडाची पाने गेली तरी कंद शाबूत असल्यास झाड पुन्हा फुटते. कंद कुजला किंवा मुळे बसली, तर वरून हिरवे दिसणारे झाडही कामातून जाते.

याचे उदाहरण मुंबईजवळ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील डोंगरात पाहावयास मिळते. तेथे व सह्याद्रीच्या इतर कड्याकपारींत रानकेळ उगवते. तिला कवदर असेही म्हणतात. पावसाळ्यात तिला भली मोठी पाने येतात. पाऊस संपला की ती सुकून जातात व खाली बुंध्याचा फुगीर भाग तेवढा कातळावर राहतो. पुढच्या मृगाला त्यातून पुन्हा पाने फुटतात. येथे संकट थंडीचे नसून पाणीटंचाईचे आहे, पण जगण्याची युक्ती तीच आहे.

जपानमध्ये व युरोपातील थंड प्रदेशांत शोभेसाठी लावली जाणारी ‘मुसा बास्जू’ ही केळ बर्फ पडणाऱ्या गावीही टिकते. तेथील बागवान हिवाळ्यापूर्वी तिची पाने कापतात, खोडाला गवताची पेंढी गुंडाळतात व बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर देतात. वरचा भाग गोठून मेला तरी वसंतात कंदातून नवे कोंब येतात. मात्र या केळीची फळे खाण्याजोगी नसतात. थंडी सोसणारी केळ म्हणून तिचे रोप आणून फळांची अपेक्षा करू नये. आपण तिच्यापासून घ्यावयाचा धडा एवढाच, की बुंधा व मुळे उबदार ठेवली तर झाड थंडीतून निभावते.

बागेत थंडी कशी साचते?

निरभ्र आकाश व पडलेला वारा असेल त्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे टाकते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड असल्याने ती उताराने वाहत जाऊन खोलगट भागात साचते. त्यामुळे एकाच शिवारात नाल्याकाठची बाग पिवळी पडते व उंचवट्यावरची बरी राहते. सर्वात थंड वेळ मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या थोडी आधीची असते.

पाण्याच्या सान्निध्याने किती फरक पडतो, हे मुंबईतील नोंदींवरून दिसते. जानेवारी १९६२ मध्ये समुद्राने वेढलेल्या कुलाब्याला किमान तापमान ११.७ अंशांपर्यंत उतरले. अंधेरीशेजारच्या सांताक्रूझला मात्र ते ७.४ अंशांवर गेले. एकाच शहरात चार अंशांहून अधिक फरक! पाणी उष्णता धरून ठेवते व सावकाश सोडते. हाच गुण आपल्या बागेत ओलिताच्या रूपाने उपयोगी पडतो.

लागवडीची वेळ साधावी

थंडीपासून संरक्षण लागवडीच्या दिवशीच सुरू होते. घड बाहेर दिसण्यापूर्वी सुमारे तीन महिने आधी तो कंदाच्या माथ्यावर आकार घेत असतो. हा काळ कडक थंडीत आला तर फण्या कमी पडतात, फळे वेडीवाकडी होतात. निसवणच थंडीत आली तर घड खोडाच्या गळ्यात अडकतो, अर्धवट बाहेर येतो किंवा खोड फाडून बाजूने निघतो.

मृगबागेची लागवड जूनमध्ये वेळेवर करावी, म्हणजे थंडीपूर्वी झाडाचा बुंधा जाड होतो व पानांचा पुरेसा पसारा तयार होतो. जुलैअखेरपर्यंत रेंगाळलेली लागवड थंडीत कोवळी सापडते. कांदेबागेची लागवड ऑक्टोबरअखेर उरकावी. रोपांच्या मुळांना जम बसावयास थंडीपूर्वी निदान महिनाभर मिळाला पाहिजे. डिसेंबरच्या ऐन थंडीत लागवड करू नये. रोपे बसून राहतात व मरही होते.

वाणांपैकी बसराई ठेंगणी असल्याने वाऱ्याला टिकते. श्रीमंती व ग्रँड नैन उत्पादनाला सरस आहेत. परंतु थंडीला पुरून उरेल असा व्यापारी वाण या गटात नाही. भाजीच्या केळीचे काही प्रकार तुलनेने काटक असतात, पण त्यांची बाजारपेठ वेगळी आहे. म्हणून वाणापेक्षा व्यवस्थापनावर भर द्यावा.

थंडीपूर्वीची तयारी (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

१. बागेच्या उत्तर व पश्चिम बाजूस शेवरी किंवा गजराज गवताचे वारारोधक कुंपण असावे. ते लागवडीबरोबरच लावावे. कुंपण नसेल तर तात्पुरती हिरवी जाळी बांधावी.

२. झाडांच्या बुंध्यांना मातीची भर द्यावी. वाफ्यात वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा गव्हाचा भुसा यांचे आच्छादन घालावे. आच्छादन बुंध्याला अगदी चिकटवू नये, नाहीतर कूज लागते.

३. प्रत्येक झाडास २५० ग्रॅम निंबोळी ढेप बुंध्याभोवती मातीत मिसळून द्यावी.

४. केळीस प्रति झाड २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. यातील पालाशाचा हप्ता थंडीपूर्वी चुकवू नये. ऐन थंडीत युरियाचा मोठा डोस देऊ नये. गार जमिनीत मुळे तो उचलत नाहीत आणि खर्च वाया जातो.

५. करप्याची रोगट पाने किंवा पानाचा तेवढा भाग कापून बागेबाहेर नष्ट करावा. थंडीत नवे पान उशिरा येते व दहिवराने जुने पान रात्रभर ओले राहते. त्यामुळे करपा वाढतो. गरजेप्रमाणे शिफारशीत बुरशीनाशकाची, चिकट द्रव मिसळून, लेबलवरील मात्रेत फवारणी करावी. निसवणीच्या वेळी झाडावर निदान ८ ते १० चांगली पाने असली पाहिजेत, तरच घड पोसला जातो.

६. निचऱ्याचे चर मोकळे करावेत. थंडी आणि साचलेले पाणी ही जोडी मुळांना सर्वात घातक असते.

थंडीच्या रात्री काय करावे?

विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. ओली जमीन दिवसाची उष्णताही कोरड्या जमिनीपेक्षा अधिक साठवते. म्हणून थंडीची लाट असताना पाण्याची पाळी रात्री किंवा पहाटे द्यावी. पाणी हलके द्यावे, वाफे तुडुंब भरू नयेत. ठिबक असल्यास रोजच्या पाण्याचा काही भाग पहाटे सोडावा. कालव्याचे किंवा उघड्या शेततळ्याचे पाणी रात्री गार झालेले असते, त्याचा तितका उपयोग होत नाही.

पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करण्याची रीत जुनी आहे. यात धुरापेक्षा उबेचे व हवा हलण्याचे काम अधिक असते. म्हणून एकच मोठा जाळ करण्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला लहान लहान शेकोट्या ठिकठिकाणी कराव्यात. जाळ झाडांपासून दूर असावा आणि आच्छादनाला आग लागणार नाही अशी दक्षता घ्यावी.

निसवलेल्या घडांवर २ ते ६ टक्के छिद्रे असलेली पांढरी प्लॅस्टिक पिशवी घालावी. छिद्रे नसलेल्या पिशवीत दमटपणा कोंडून फळे कुजतात. घडाच्या दांड्यावर केळीची वाळलेली पाने बांधावीत. थंडीच्या दिवसांत हिरवी पाने कापू नयेत. पानांचे छत रात्रीची उष्णता अडवते.

काढणी व वाहतूक

थंडी लागलेल्या फळाची साल सोलून पाहिल्यास आत तपकिरी रेघा दिसतात. सालीतील चीक गोठल्याची ही खूण आहे. असे फळ पिकताना पिवळेधमक न होता मळकट, करड्या रंगाचे होते. ही इजा बागेत होते तशी गाडीतही होते. जानेवारीत उत्तर भारतात माल पाठवताना तळाला व बाजूंना केळीच्या पानांचा किंवा पेंढ्याचा जाड थर द्यावा व वरून ताडपत्री घट्ट बांधावी. साठवणीत तापमान १३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये.

थंडी ओसरल्यावर

पिवळी पाने पाहून घाईने बाग छाटू नये. अर्धे हिरवे पान अजूनही घडाला अन्न देत असते. पूर्ण वाळलेलीच पाने काढावीत. फेब्रुवारीत रात्री उबदार होऊन नवा पोगा सरकू लागला की नत्र व पालाश थोडे थोडे, विभागून द्यावे. घड गळ्यातच कुजलेला असेल तर त्या झाडावर आणखी खर्च करू नये. ते कापून तलवारीसारख्या अरुंद पानांचा एक जोमदार पील राखावा. कंद निरोगी असल्याने तो लवकर वाढतो.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमान हा धोका धरलेला आहे. किती अंश व किती सलग दिवस, तसेच भाग घेण्याची अंतिम तारीख त्या हंगामाच्या शासन निर्णयात पाहून घ्यावी. भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. आपल्या बागेतही किमान-कमाल तापमापक लावून रोजची नोंद ठेवावी. पुढच्या वर्षीच्या नियोजनाला ती कामी येते.

उपनगरातील परसबागेसाठी

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी भागात ज्यांच्या घराभोवती थोडी जागा आहे, त्यांना वेलची, राजेळी किंवा बसराई सहज घेता येते. येथे थंडीचे दिवस मोजकेच असतात. डिसेंबर-जानेवारीत पान उशिरा आले तर घाबरून खताचा मारा करू नये. भिंतीच्या दक्षिण बाजूला, सांडपाणी साचणार नाही अशा जागी लागवड करावी. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. शेकोटीची गरज येथे नाही व शहरात कचरा जाळण्यास मनाईही आहे. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन पुरेसे होते. उतरवलेला घड शीतकपाटात न ठेवता घरात टांगावा.

शेतकरी बंधूंनो, थंडीची लाट येण्याची बातमी रेडिओवर ऐकल्यानंतर करण्याजोगी कामे थोडीच उरतात. वेळेवर लागवड, बुंध्याला भर, वारारोधक आणि निचरा ही चार कामे आधी झालेली असतील, तर पहाटेचे हलके पाणी आणि घडावरची पिशवी यांनी उरलेले संकट निभावते. पाने दोन-चार गेली तरी चालतील. कंद व मुळे सांभाळा.