भरीव खांब, पोकळ पूल

धारच्या लाट मशिदीच्या आवारात लोखंडी खांबाचे तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवलेत. १४०५ साली उभ्या राहिलेल्या या मशिदीला नाव पडलं ते या लाटेवरूनच, म्हणजे खांबावरूनच. तिन्ही तुकड्यांची लांबी एकत्र केली तर ४३ फूट भरते आणि वजन सात टनांवर जातं. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ २३-२४ फुटांचा. धारचा खांब त्याच्या पावणेदोनपटीहून थोडा जास्तच! लोखंडाचे तापलेले गोळे घणाखाली एकमेकांत मुरवत लोहारांनी तो घडवला.

मग तो मोडला कसा? जहांगीराने आपल्या आठवणींत लिहिलंय, की गुजरातच्या बहादूरशहाला तो न्यायचा होता. खणून काढताना खांब कोसळला आणि तुटला. उभा असताना त्याला स्वतःचा भार नुसता दाबत होता. पडताना मात्र तो वाकू लागला. वाकणाऱ्या कांबीची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मधलं लोखंड जवळपास रिकामटेकडंच! वजन तेवढं वाढवतं.

हे मधलं लोखंड काढूनच टाकलं तर? घराच्या छपराला आपण लावतो ती कैची म्हणजे तेच. खेळणीकार अरविंद गुप्तांच्या खेळण्यांत असतात तशा काडेपेटीच्या काड्या आणि त्या जोडायला सायकलची व्हॉल्व्हट्यूब घ्या. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण हटत नाही, कारण काडीची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही. असे त्रिकोण ओळीने जोडले की प्रत्येक पट्टीवर मुख्यतः एकच काम उरतं: ताणणं किंवा दाबणं. वाकण्याची कटकट जवळपास मिटते.

कैचीची हीच युक्ती मोठ्या पुलांच्याही कामी आली. धारच्या आग्नेयेला, ओंकारेश्वरजवळ मोरटक्क्याला, १८७६ साली रेल्वेने नर्मदा ओलांडली. खंडवा-इंदूर मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या बोलीवर. (सावकार संस्थानिक आणि कर्जदार सरकार, हेही नवलच.) पुलांसाठी पोलाद तेव्हा अजून रुळलं नव्हतं. त्या काळचे मोठे पूल उभे राहत ते घडीव लोखंडावर, म्हणजे धारच्या खांबाच्याच जातभाईवर. फरक एवढाच, की आता ते पट्ट्यापट्ट्यांत वाटलेलं होतं, आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेतून वारा वाहत होता.